ठेंगणी मोटार आणि आबांची चढण

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. ज्यांची गाडी ठेंगणी आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांचं माहेर उंचावर आहे त्यांच्यासाठी. दोन्ही एकदम असेल तर सावकाश वाचा.

परवा आमच्या चिखलीच्या सोसायटीत बी विंगमधल्या एका आयटीवाल्याची नवी कोरी स्पोर्ट्स कार पार्किंगच्या रॅम्पवर खरवडली. गाडी दिसायला झकास, पण खालून मांजर जायचं तर त्यालाही अंग चोरावं लागेल. दोन वॉचमन आणि सेक्रेटरी, तिघेही पुढे उभे राहून 'येऊ द्या, येऊ द्या' करत होते. मी बाकावरून म्हटलं, "तिरकी घे रे, आणि मागे दोन जाडी माणसं बसव." त्याने तिरकी घेतली, सेक्रेटरींना मागे बसवलं आणि गाडी वर आली. "आजी, तुम्हाला हे कसं माहीत?" त्याने विचारलं. मी सांगायला लागले तर त्याला मीटिंग आठवली. म्हटलं, लिहूनच टाकावं. इथून कुणाला उठून जायचं असेल तर निदान मला दिसणार तरी नाही.

तर गोष्ट पन्नासच्या दशकातली. नक्की साल विचारू नका, नव्वदीला टेकले आहे. तेव्हा आम्ही चिंचवडला दोन खोल्यांत राहायचो. मी शाळेत मास्तरीण आणि माझे यजमान, यशवंत, पिंपरीकडच्या एका नव्या कारखान्यात फिटर. मूळचे साताऱ्याकडचे. तेव्हा नवऱ्याचं नाव घ्यायची चोरी होती, मी 'अहो' म्हणायचे. आता तेही नाहीत आणि चोर पकडणारेही नाहीत, म्हणून नावानेच लिहिते.

यशवंतांच्या साहेबांकडे एक विलायती मोटार होती. साहेब पारशी, एकटे, आणि त्या मोटारीवर त्यांचा जीव. बाटलीसारखा हिरवा रंग, वरचं कापडी टप काढता येणारं, माणसं मावणार फक्त दोन. जमिनीपासून उंची म्हणाल तर जेमतेम वीतभर. साहेबांनी ती कुठल्याशा गचक्यावर आपटली आणि इंजिनाखालचं तेलाचं भांडं, म्हणजे मेकॅनिक ज्याला चेंबर म्हणतात ते, फुटलं. यशवंतांनी ते सांधून दिलं. साहेब म्हणाले, "सुट्टीला घेऊन जा, चाळीस-पन्नास मैल चालवून बघ, तेल गळते का. कुठे पन जा. फक्त चेंबर परत जमिनीला टेकला नाय पायजे. मी स्वतः खाली झोपून बघनार."

त्या संध्याकाळी यशवंत मोटार घेऊन आमच्या बोळात आले. अख्खा बोळ गोळा झाला. मी आत बसले, म्हणजे बसायला गेले आणि खाली, खाली, अजून खाली जात शेवटी कुठेतरी पोचले. आणि बसल्या बसल्या एकच गोष्ट डोक्यात आली. ही गादी माझ्या माहेरच्या, महाळुंग्याच्या घराच्या पायरीएवढ्या उंचीची आहे.

इथे थांबून माझ्या आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पायरीचं काय कौतुक ते कळायचं नाही.

माझ्या आईने तीस वर्षं चाकणच्या बाजारात कांदा विकला. नवऱ्याचा मान, घरचं धान्य, लेकीचं शिक्षण हे सगळं तिला महत्त्वाचं होतंच, पण खरा जीव बाजाराच्या दिवसात. पोतं अंथरून जमिनीवर बसायचं, समोर कांद्याचा ढीग, आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची टोपी उडवायची. आदल्या वर्षी अक्षय तृतीयेच्या सुमाराला ती बाजाराला निघताना आमच्या चढणीवर पडली आणि खुब्यात मोडली. हाडवैद्य झाला, दवाखाना झाला. काठी टेकत घरात चार पावलं आणि बाहेरच्या दगडी पायरीपर्यंत, एवढीच तिची दुनिया उरली. त्यापुढे चढण. ती तिला उतरता येत नव्हती, आणि बैलगाडीत चढायला पाय उचलत नव्हता.

"चार जण धरून गाडीत ठेवू," असं आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे.

"ठेवायला मी काय पोतं हाय? आणि चौघांनी उचलायचं ते एकदाच. ते बी मला कळायचं न्हाई," असं आई म्हणायची, आणि विषय संपायचा.

अकरा महिने ती त्या पायरीवर बसून होती. मी गेले की हसायची, टोमणे मारायची, पण बाजाराच्या दिवशी तिचं जेवणात लक्ष नसायचं. ते बघून मला रडू यायचं आणि नंतर आबांचा राग यायचा, कारण ती चढण त्यांची होती.

म्हणून त्या गादीवर बसल्या बसल्या मी यशवंतांना म्हटलं, "अहो, मोटार जर पायरीला लागून उभी केली, तर आई नुसती सरकून आत येईल. कुणी उचलायला नको."

यशवंतांनी वाकून गादीला वीत लावून पाहिली. मग म्हणाले, "पण मोटार पायरीपर्यंत जाणार कशी? तुमची चढण म्हणजे चढण आहे का भिंत?"

"जाईल," मी म्हटलं. मोटारीतलं मला काहीही कळत नव्हतं, त्यामुळे मला खात्री होती. लगेच आईला कार्ड टाकलं: बाजाराच्या दिवशी तयार राहा, तुला न्यायला येतोय.

सुट्टी आणि बाजार त्या आठवड्यात एकाच दिवशी आले. होळी होऊन गेलेली, ऊन तापायला लागलेलं, म्हणून सकाळी लवकर निघालो. बरोबर घ्यायच्या गोष्टी: पाण्याची बाटली, डोक्याला घट्ट रुमाल, आणि शेंगदाण्याची चटणी-भाकरी. टप काढलेलं असेल तर भाकरी झाकून खावी, कारण रस्ता तिच्यावर येऊन बसतो. पिंपरीवरून कासारवाडीला आलो आणि नाशिक फाट्याला डावीकडे वळलो. पुढे भोसरीपर्यंत रस्ता बरा होता. दोन्ही बाजूंना शेतं, मधूनच एखादं वडाचं झाड आणि त्याखाली बैल सोडून झोपलेला गाडीवान. तुम्ही आज तिथून जाता तेव्हा शेत बघायचं असेल तर कंपन्यांच्या कुंपणातल्या हिरवळीवर भागवून घ्या.

बैलगाड्यांना ओलांडताना एक वेगळाच अनुभव येतो, जो उंच गाडीवाल्यांना मिळत नाही. बैलाचं तोंड आपल्या तोंडासमोर येतं. एका बैलाने तर माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर सावरला.

मोशीला चहा प्यायलो. दोघांचे दोन आणे, चहा गोड, कप धुतलेला असावा अशी आशा. मोटारीभोवती माणसं जमली. एक पागोटेवाले आजोबा खाली वाकून बघत होते.

"रुतलीया का वो ही?" त्यांनी यशवंतांना विचारलं.

"नाही, तशीच आहे."

"आसं व्हय. मग वरचा भाग मागनं येतोय का?"

यशवंतांनी चहा अर्धा टाकून मोटार सुरू केली. साहेबांची मोटार असली तरी चार दिवस रात्री जागून त्यांनी ती उभी केली होती, आणि तिला कुणी काही बोललं की यांचे कान लाल व्हायचे.

इंद्रायणीचा पूल ओलांडून कुरुळीवरून चाकणला पोचलो, तिथून तळेगावच्या रस्त्याला लागून महाळुंगे. चाकणपासून पुढे रस्ता म्हणजे खड्डे आणि मधूनमधून रस्ता. जिथे संशय आला तिथे मी उतरून पुढे चालायचे आणि यशवंत मागून मोटार आणायचे. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल की बाई मोटारीला घेऊन फिरायला निघाली आहे. सगळं मिळून दोन तास लागले. आज चारपदरी रस्त्यावरून, कंटेनरांच्या मागे उभं राहून, साधारण तेवढेच लागतात, त्यामुळे वेळेचं नियोजन तसंच ठेवायला हरकत नाही.

आता चढण.

आमचं घर गावाबाहेर एका टेकाडावर होतं. रस्त्यावरून घरापर्यंत आबांनी स्वतःच्या हाताने दगड बसवून चढण बांधली होती, नाकासमोर सरळ. पायथ्याशी पाण्याची चारी, तिच्यावर जाड फरशी, आणि फरशी संपते तिथून चढण अशी उठायची की बैलसुद्धा आधी उभा राहून विचार करायचा. वर, अंगणाच्या तोंडाशी, उंटाच्या पाठीसारखा एक उंचवटा. या चढणीचा आबांना फार अभिमान होता. पाव्हणा धापा टाकत वर आला की त्यांना बरं वाटायचं.

आम्ही पोचलो तेव्हा आबा पायथ्याशीच उभे होते. त्यांच्याबरोबर शेजारचे तुकानाना, ज्यांच्याएवढं बैलगाडीतलं पंचक्रोशीत कुणाला कळत नाही असं तेच सांगायचे, आणि तालमीतले दोन पैलवान भाऊ, गणपत आणि सोपान.

आबांनी मोटारीकडे पाहिलं, चढणीकडे पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. "पाव्हणं, हितंच लावा. ही चढण नव्या मानसाला जमत न्हाई."

मी वर पाहिलं. आई पायरीवर बसली होती. नवं लुगडं नेसून, केस विंचरून, शेजारी तागडी आणि कांद्याचं एक पोतं काढून ठेवलेलं. नंतर कळलं की ती पहाटेपासून तशी बसली होती. तिने हात केला नाही. ती मोटारीकडे टक लावून बघत होती. मला एकदम भीती वाटली. कार्ड मी टाकलं होतं. मोटार वर गेली नाही तर त्या पायरीवरून तिला परत घरात न्यायचं तोंड माझ्याजवळ नव्हतं.

पहिल्यांदा यशवंतांनी मोटार सरळ घातली. फरशीवरून पुढची चाकं चढणीला लागली आणि नाकाखालून आवाज आला, खर्रर. यशवंत मोटार मागे घेऊन खाली उतरले आणि थेट आडवे होऊन खाली शिरले. जावई सासरवाडीच्या दारात पालथा पडलेला बघून सोपानने तोंड फिरवलं. यशवंत बाहेर आले, कपाळाला माती, म्हणाले, "पुढची पट्टी घासली, रंग उडालेला नाही. चेंबर बचावलं. पण अजून चार बोटं पुढे गेलो असतो तर गेलं होतं."

"फरशी काढूया आणि चारी दगडांनी भरूया," मी म्हटलं.

"चढनीचा एक दगड हालनार न्हाई," आबा म्हणाले. "पावसाचं पानी मग तुज्या शाळंत सोडू का?"

मग कडब्याच्या पेंढ्या टाकून पाहिल्या. चाकाखाली त्या चपट्या झाल्या आणि बैलांचा तेवढा चारा गेला.

आता तुकानाना पुढे झाले. त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली, टायरला काठीने टोचलं आणि निदान केलं. "उलाळ हुतीया."

ज्यांनी बैलगाडी हाकलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. भरलेली गाडी चढणीला लागली की मागे कलते, पुढचं जू वर उचलतं, बैलांच्या मानेला फास बसतो. याला गाडी उलाळ होणं म्हणतात. त्यावर इलाज एकच: गाडीवानाने पुढे सरकून बसायचं, माणसं पुढे घ्यायची, वजन जुवाकडे द्यायचं. आमच्याकडे हे लहान पोरांनासुद्धा ठाऊक. त्यामुळे तुकानानांनी 'वजन म्होरं' म्हटल्यावर कुणालाही शंका आली नाही. यशवंतही खेड्यातच वाढलेले, आणि शिवाय जावई. सासरवाडीला जावयाने जेवताना 'पुरे' म्हणण्यापलीकडे तोंड उघडायचं नसतं.

गणपत एका मडगार्डवर बसला, सोपान दुसऱ्यावर. प्रत्येकी दोन मणांचे तरी असतील. यशवंतांनी क्लच सोडला. मोटारीने नाक खाली केलं आणि दोन्ही दिवे चारीत काय पडलंय ते बघायला लागले. या वेळी आवाज पहिल्यापेक्षा मोठा आला.

"अजून एक मानूस म्होरं पायजे," तुकानाना म्हणाले, आणि स्वतः बॉनेटवर चढायला धोतर सावरू लागले.

यशवंतांनी मोटार बंद केली. दोन्ही हात चाकावर ठेवून ते नुसते बसले. मला हळूच म्हणाले, "आता नाही गं. चेंबर फुटलं तर साहेबांना तोंड कसं दाखवू? आणि तेल सांडलं तर तुझी आई तरी कुठे जाणार आहे?"

ते खरं होतं. एवढं बोलून ठेवलं होतं मी, आणि आता तिला जाऊन काय सांगणार होते?

तेवढ्यात वरून आईचा आवाज आला. बाजारात तीस वर्षं काढलेला तो आवाज, त्याला चढण-बिढण काही नव्हतं. "तुकाभावजी, त्या मोटारीला जू हाय का?"

तुकानानांनी वळून मोटारीकडे खरोखरच पाहिलं. "न्हाई."

"बैल हायती?"

"न्हाईत."

"मग म्होरं वजन कुनाच्या मानंवर देताय? तिचं नाक आधीच जमिनीला, त्याच्यावर दोन रेडं बसिवलं. मागं बसा की. मागं बसलासा की नाक वर ईल."

खाली सगळे एकमेकांकडे बघायला लागले. यशवंत आधी हसले, मग त्यांनी कपाळावर हात मारला. फिटर माणूस, पण उलाळ शब्द ऐकल्यावर त्यांच्याही डोक्यात बैलगाडीच शिरली होती.

"आणि सरळ नगं घालू रं बाबा," आई आता थेट जावयाला सांगत होती. "तिरकी घे. एक चाक आधी, दुसरं मागनं. पाटी डोक्यावर आसली की बाई कशी चढती? आडवी, हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं. मी तीस वर्सं तशीच चढले. सरळ फकस्त एकदा चढले."

शेवटचं वाक्य तिने आवाज न चढवता म्हटलं, तरी खाली स्पष्ट ऐकू आलं. आबा खाली वाकून कडबा गोळा करू लागले, ज्याला आता कडबा म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गणपत आणि सोपान मागे डिकीवर बसले. मोटारीचं नाक उचललं, पण अजून थोडं कमी होतं.

"आवो," आईने वरून आबांना हाक मारली. "तुमी बी बसा. सगळ्यात जड तुमीच हाईसा."

आबांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना म्हणून. मग धोतराचा सोगा आवरून, दोन पैलवानांच्या मधे, साहेबांच्या विलायती मोटारीच्या डिकीवर जाऊन बसले. तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

यशवंतांनी मोटार फरशीवर तिरकी घेतली. डावं चाक आधी चढणीला लागलं, मग उजवं. मी पोटावर पडून खाली बघत होते. चेंबर आणि दगड यांच्यात दोन बोटांचं अंतर, मग तीन. "चालू द्या," मी ओरडले. मोटार गुरगुरत चढणीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली, पुन्हा वळली, पुन्हा गेली. पाटी घेतलेल्या बाईसारखीच. मागे आबा एका हाताने गणपतची मान आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं पागोटं धरून बसले होते.

उंचवट्याशी आल्यावर यशवंतांनी थांबवलं. आता पोट टेकणार होतं. "सगळे उतरा," ते म्हणाले. तिघं उतरले, मोटार हलकी होऊन चार बोटं वर आली आणि खालून उजेड दिसला. ती तिरकी तिरकीच उंचवट्यावरून पलीकडे गेली. एकदाही आवाज आला नाही.

मोटार पायरीला लागून उभी राहिली. दार उघडलं. पायरी आणि गादी एका पातळीत होती, मी म्हटलं होतं तशी. आई सरकली. एकदा, दोनदा, आणि आत. मी फक्त तिचे पाय उचलून आत ठेवले. तिने पदर सारखा केला, समोरच्या काचेतून पाहिलं आणि म्हणाली, "बसायला बरं हाय. पर एवढ्या धावपळीत कुनी च्या प्यालंय का न्हाई?"

ठेंगण्या गाडीवाल्यांसाठी सारांश: तिरकी घ्या, चढताना वजन मागे, उंचवट्याला सगळे खाली, आणि सल्ला देणाऱ्याने आयुष्यात काय हाकलंय ते आधी विचारा.

उतरताना हेच सगळं पुन्हा केलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की मोटार दोन माणसांची आहे. यशवंत आणि आई धूळ उडवत चाकणला निघून गेले, आणि ज्या लेकीने हे सगळं जमवून आणलं ती कांद्याच्या पोत्यावर बसून आबांच्या बैलगाडीतून मागोमाग निघाली.

वाटेत आबा बराच वेळ बैलांशीच बोलत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिशी गाडी जुपून मी खाली उबा हुतो. बाजाराला उशीर हुईल म्हनून वराडलो. एक पाटी वर ऱ्हायली हुती. ती आनाया तुजी आई सरळ चढली. आडवी चढाया यळ लागतो म्हनून."

मला हे माहीत नव्हतं. आईने अकरा महिन्यांत कुणाला सांगितलं नव्हतं. अकरा महिने मी मनातल्या मनात या माणसाला बोल लावले होते, आणि आता तो कबूल करत होता तर मला त्याच्यावर रागावता येईना. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी बैलाला विनाकारण एक शिवी दिली.

चाकणच्या बाजारात मोटार शोधावी लागली नाही. कांद्याच्या रांगेच्या टोकाला गर्दी होती, तिथेच. यशवंतांनी टप काढून मोटार उभी केली होती आणि आमचं पोतं येईपर्यंत आईच्या ओळखीच्या बायकांनी आपापल्यातला कांदा काढून तिच्या दारासमोरच एक ढीग मांडून दिला होता. दार उघडं, आई आत, तागडी हातात. मी लांबूनच थांबले. गादी इतकी खाली होती की तिचं डोकं बरोबर बाकीच्या बायकांच्या डोक्यांच्या रांगेत आलं होतं. जमिनीवर पोतं अंथरून बसल्यावर यायचं, तसंच.

एक गिऱ्हाईक मोटारीकडे बघत म्हणालं, "मावशी, मोटारीतला कांदा म्हंजे भाव बी मोटारीचा आसंल."

"कांदा बैलगाडीतनंच आलाय, मोटारीत फकस्त मी आले," आई म्हणाली. "आणि तुमी वर्सभर दुसरीकडनं घेतलासा, ते डोळं बघूनच कळतंय. हात लावा, बघा कसा टंच हाय."

यशवंत शेजारी उभे राहून पोत्याची तोंडं उघडून देत होते. मी गेले तर म्हणाले, "मला दोनदा 'आवो कांदेवाले' अशी हाक आली." त्यांना ते आवडलं होतं असं माझं मत आहे.

ऊन उतरल्यावर आईला परत पायरीवर सोडलं. आबा न सांगताच डिकीवर जाऊन बसले. आम्ही दिवे लागायच्या वेळी चिंचवडला पोचलो, केसांत इतकी धूळ की उशीवर डोकं ठेवायची लाज वाटली. चेंबरमधून तेलाचा एक थेंब गळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेब खरोखरच सतरंजी टाकून मोटारीखाली झोपले. टॉर्च लावून पुढून मागून पाहिलं. खाली एक ओरखडा नाही. खूश होऊन बाहेर आले, मागे गेले, आणि थांबले. डिकीच्या पत्र्यावर, शेजारी शेजारी, तीन खळगे.

"यशवंत, हे काय?"

यशवंतांनी सगळं सांगितलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि तसल्या आकाराच्या खळग्यांना दुसरं कारण सुचणंही कठीण. साहेबांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी मधल्या, सगळ्यात खोल खळग्यावर हात फिरवून विचारलं, "हा कोनाचा?"

"सासऱ्यांचा."

साहेब हसायला लागले ते सतरंजीवर बसूनच. म्हणाले, "दोन ठोकून काढ. हा राहू दे. आई कशी आहे?"

पुढे आठ-दहा दिवसांनी गावाकडून कार्ड आलं, तुकानानांच्या भाच्याच्या हातचं. मजकूर असा की आबा पहार आणि कुदळ घेऊन चढणीवर तुटून पडले आहेत, कुणाचं ऐकत नाहीत, सगळे दगड उपटले आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गेले तर चढण ओळखू येईना. सरळ नव्हतीच. टेकाडाच्या पोटाला धरून तिरकी जाणारी, मग सावकाश वळून परत येणारी. वरचा उंचवटा साफ केला होता, खालची फरशी बुडवून सपाट बसवली होती.

"मोटारीची सोय केली," आबा मला म्हणाले. "पाव्हण्यांना सांग, कदी बी या. आता घासायची न्हाई."

मी आईकडे पाहिलं. तिची पायरी रिकामी होती. ती चढणीच्या मधल्या वळणावर काठी टेकून उभी होती, एकटी, आणि खाली रस्त्याकडे निघाली होती.

"अकरा महिने माज्यासाटी सुचलं न्हाई, आणि मोटारीसाटी लगी सुचलं, व्हय?" मी जवळ गेल्यावर ती आबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. मग माझा हात धरून, हळूच, "म्हनू दे त्यास्नी मोटारीसाटी. तू काय बोलू नगंस."

मी काही बोलले नाही. आबांनीही शेवटपर्यंत तेच सांगितलं, येणाऱ्या प्रत्येकाला, की चढण मोटारीसाठी केली. साहेबांची पुढे बदली झाली, मोटार त्यांच्याबरोबर गेली, मधला खळगा घेऊन. आई त्यानंतर कितीतरी वर्षं बाजाराच्या दिवशी त्या वळणांवरून आपल्या पायाने खाली उतरायची आणि संध्याकाळी वर यायची. खाली आबांनी एक ठेंगणी बैलगाडी करून घेतली होती, लहान चाकांची, तिच्यात बसायला पाय उचलावा लागत नसे. त्या नव्या चढणीवर मात्र कधीही कुणाची मोटार चढली नाही.